छतावरचा शाळू

नगर-सोलापूर रस्त्यावर आमच्या मिरजगावात एसटी थांबते, तिथून चार पावलांवर पत्र्याची एक खोली आहे. दारावर निळ्या अक्षरांत ‘श्रीमंत फोटो स्टुडिओ’ असं लिहिलेलं आहे. परगावचा माणूस ते वाचून बिचकतो. हे आपल्या आवाक्यातलं नसणार असं वाटून तो पुढे चहाच्या दुकानाकडे जातो. श्रीमंत हे नुसतं मालकाचं नाव आहे हे त्याला कोण सांगणार? मालकाची बायको लंकाबाई नवऱ्याचं नाव घेत नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, “आमच्या घरात जे न्हाई, ते ह्यांचं नाव.”

आत शिरलं की समोर रंगवलेला पडदा. त्यावर तळं, तळ्यात दोन राजहंस, काठाला संगमरवरी पायऱ्या. आमच्या भागातली निम्मी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहिलेली आहेत. विहिरींनी तळ गाठला तरी ते तळं काठोकाठ भरलेलं असतं. पडद्यासमोर लाकडी स्टँडवर मोठा पेटी कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि कापडात डोकं घातलेला श्रीमंत. कापडातून आवाज येतो, “हां, असंच. आता हलू नका!”

या दोन शब्दांवर त्याचा संसार चालत आला. नवी नवरी, नवी बैलजोडी, पैलवानकी सोडून पुढारी झालेला गडी, सगळ्यांना त्याने हेच सांगितलं. मयताचा फोटो काढायलाही त्यालाच बोलावतात. “तेवढं एकच गिऱ्हाईक सांगितलेलं ऐकतं बगा,” असं तो म्हणतो आणि लगेच स्वतःच्या कानाला हात लावतो.

गावाला त्याची अशी सवय लागली आहे की कॅमेऱ्याची काच दिसली की माणूस हात मांड्यांना चिकटवतो आणि श्वास धरून ठेवतो. लहान मुलांनी तर त्याचा खेळच केला होता. श्रीमंत रस्त्यात दिसला की सगळी जागच्या जागी थिजायची. माझी चांगुणा या खेळात नेहमी हरायची. नाव तिच्या आजीचं, पण आजीचा शांतपणा तिच्यात औषधालाही नव्हता. तिच्या प्रत्येक फोटोत एक तरी हात नाहीतर वेणी धुरासारखी आलेली आहे.

गावात अशी दुसरी एकच व्यक्ती, आमच्या शेजारची रंगुबाई. वयामुळे तिची मान सारखी हलते, कुणाला तरी नाही-नाही म्हणत असल्यासारखी. श्रीमंतने तिचा फोटो कितीदा काढला तरी साडी, कुंकवाविना कपाळ, हातातल्या पाटल्या सगळं स्वच्छ येई आणि चेहऱ्याच्या जागी ढग.

“मेल्या, तुझंच यंतर हलतंय,” रंगुबाई म्हणायची. “माझी मान हाय तितंच हाय.”

“आजी, जरा आवळून धर की मान.”

“धरलीयच की! तुला दिसंना त्याला मी काय करू?”

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढचं त्यातूनच निघालं.

चांगुणा तेरा वर्षांची असताना तिची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, झाडावरून उडी मारली असेल. मग ती वाकून चालायला लागली आणि पुण्याला नेल्यावर मणक्याचा क्षय निघाला. तिथल्या दवाखान्यात तिला प्लॅस्टरच्या साच्यात उताणं निजवलं. हात आणि मान तेवढी मोकळी. पाठ अजिबात हलता कामा नये, असं किती दिवस, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. मी नगरच्या कॉलेजात बी.ए. झाले, पण त्या वॉर्डात उभी राहिले की मला एकच वाक्य सुचायचं, “बाळ, हलू नकोस हं.” ते श्रीमंतचं वाक्य आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. इंजेक्शनं लागू पडत होती. पण चांगुणा हळूहळू बोलायची थांबली, मग नीट जेवायची थांबली. छताकडे बघत राहायची. एकदा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, “औषध त्याचं काम करतंय. पण मुलीनं यातून मन काढून घेतलंय. जे हलवायला मोकळीक आहे, तेही ती हलवत नाही. हात नाही, मान नाही. असंच चाललं तर औषध एकटं काय करणार?”

पुढच्या खेपेला मी श्रीमंतकडून घराचे फोटो काढून नेले. घर, विहीर, तिची शेळी, दारातली तुळस. तिच्या डोळ्यांसमोर एकेक धरला. तिने पाहिले आणि डोळे मिटले.

“आई, फोटो नको. ते माझ्यासारखेच आहेत. मला काहीतरी हलणारं बघायचंय.”

कित्येक दिवसांत ती एवढं बोलली होती. परत येताना एसटीच्या खिडकीतून सगळं पळत होतं, झाडं, मैलाचे दगड, मेंढरं, आणि मला वाटत होतं की यातलं ओंजळभर तरी उचलून तिच्याकडे नेता यावं.

उतरले ती तशीच स्टुडिओत गेले. श्रीमंतला सांगितलं. त्याला वाईट वाटेल हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो पडद्यावरच्या हंसांकडे बघत राहिला.

“बराबर हाय तिचं,” तो म्हणाला. “आयुष्यभर लोकांना थिजवलं मी. वैनी, हलणारं बी काढता येतंय की. छोटा सिनेमाचा कॅमेरा मिळतो. चावीचा.”

लंकाबाई दारात सूप घेऊन उभी होती. “झालं! आता सिनेमा काढा. एक फोटो आठ दिवसांत हातात पडत न्हाई, अन् सिनेमा!”

पण श्रीमंतच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. त्याने मला त्याच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. तिकिटाला पैसे नसायचे म्हणून हा तंबूच्या मागल्या बाजूने, पडद्याच्या उलट्या अंगाने बसून बघायचा. तिथून सगळं उलटं दिसायचं. राजा डाव्या हाताने तलवार चालवायचा, राणी डाव्या हाताने ओवाळायची. पुष्कळ वर्षांनी तिकीट काढून समोरून सिनेमा पाहिला तेव्हा त्याला तो खोटा वाटला.

“पन एक सांगतो वैनी. पुढून बगा न्हाईतर मागून, सिनेमातलं मानूस भितीला चिकटत न्हाई. मागचं सगळं इरघळतं, अन् मानूस तेवढं सुटं उरतं. माझ्या फोटोत तसं कदी झालं न्हाई. चांगूला दाखवायचं तर तसलं दाखवू.”

माझे यजमान आबासाहेब आधी हसले. मग चांगुणाचं वाक्य सांगितलं तेव्हा उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, “जा. पण महागातलं नको म्हणावं. दवाखाना अजून किती दिवस आहे कुणास ठाऊक.”

नगरला कापड बाजाराच्या आतल्या गल्लीत तय्यबभाई नावाचे बोहरी गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. चावीचा कॅमेरा म्हणजे आतून घड्याळच, त्यामुळे बदलून जाणारे लष्करी साहेब आणि मायदेशी निघालेले मिशनरी आपले कॅमेरे त्यांच्याकडे ठेवून जात. दुकानात शेकडो घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. तिथे बसलं की आता सकाळ आहे की संध्याकाळ हे कळेनासं होतं.

तय्यबभाईंनी दोन कॅमेरे समोर ठेवले. एक नवा, चकचकीत, बॅटरीवर चालणारा. त्याचं बटण दाबलं की काचेचा डोळा आपोआप पुढे सरकून लांबचं जवळ आणायचा. दुसरा जुना, कंपासपेटीएवढा, काळ्या चामड्याचा, बाजूला चावी.

मी नव्याकडे हात नेला. मला वाटलं, जितकं जास्त यंत्र करील तितकी श्रीमंतच्या हातून चूक कमी होईल.

“बाई, हा घोडा चांगलाय, पण ह्याचा चारा हितं मिळत नाय,” तय्यबभाई म्हणाले. “ह्याचं रीळ डबीबंद येतं, परदेशातून. एक संपलं की ह्याला शोकेसमधी ठेवायचा अन् बघत बसायचं. अन् काच जरा आंधळी हाय. दुपारी ठीक, सांज झाली की नाय. हा जुना कोणचंबी साधं रीळ खातो. मुंबईला धुवून मिळतं.”

“जुना द्या,” श्रीमंत म्हणाला. “लेन्स कोणती?”

तय्यबभाईंनी दोन लेन्स काढल्या. एक आखूड, शर्टाच्या गुंडीएवढी. दुसरी अंगठ्याएवढी लांब. आमच्या ऐपतीत कॅमेरा आणि दोघींपैकी एकच बसत होती. मी म्हटलं, आखूड घेऊ. तय्यबभाई स्वतःच सांगत होते की तिच्यात सगळं घर मावेल, पायाजवळच्या कोंबडीपासून लांबच्या टेकडीपर्यंत सगळं स्वच्छ येईल, अंतर मोजायची कटकट नाही, हात हलला तरी खपून जाईल.

“मग आखूडच,” मी म्हटलं. “तिला घर बघायचंय, श्रीमंत. सगळं घर.”

“सगळं तर फोटोतबी हुतं, वैनी.”

“लांब लेन्सला चूक झाली तर? अंतर चुकलं तर सगळंच धूसर यायचं.”

“मोजून काढीन.”

तय्यबभाईंनी आमचं भांडण थोडा वेळ ऐकलं आणि मग तेल लावलेला पातळ कागद काढला. त्याच्यासमोर पत्र्याचा तुकडा धरला, त्यात नखाएवढीही नसेल अशी चौकट कापलेली. पुढे आखूड लेन्स धरून तोंड दाराकडे केलं आणि घड्याळजीचं भिंग माझ्या डोळ्याला लावायला दिलं. म्हणाले, “बघा.”

कागदावर कापड बाजार उलटा टांगलेला होता. दुकानं, सायकली, हातगाडी, सगळं मुंगीएवढं, सगळं स्वच्छ. खरंखुरं आणि रोजचं.

मग त्यांनी लांब लेन्स धरली. मी पुन्हा भिंग लावलं. समोरच्या पायरीवर एक कासारीण बांगड्या भरत होती. तिचा एक हात आणि दुसऱ्या बाईचं मनगट, एवढंच चौकटीत होतं. मागचा बाजार राहिला नव्हता. नुसता उजेड होता, हळूहळू सरकणारा, पाण्यासारखा. त्या उजेडावर ते दोन हात तरंगत होते. मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. स्वप्नात असंच असतं. एकच गोष्ट दिसते, मनापासून दिसते, आणि बाकीच्याची नुसती चाहूल असते. चांगुणाचं मागे राहिलेलं घर तिला आता असंच आठवत असेल.

“लांब घ्या,” मी म्हटलं.

“काय दिसलं, वैनी?” श्रीमंतने विचारलं.

“हात.”

तो गालात हसला.

पौष महिना होता, एकाहत्तर साल. त्या वर्षी शाळू माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि कणसं हुरड्याला आलेली. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन तिरपं होऊन शाळवात शिरलं की तो आतून उजळल्यासारखा दिसायचा. श्रीमंतने तीच वेळ धरली. आमच्या मळ्यात त्याने पेटी कॅमेऱ्याचा अवजड स्टँड रोवला आणि त्यावर तो चिमुकला कॅमेरा बसवला. गाडीच्या बैलावर चिमणी बसावी तसं दिसत होतं.

आता अडचण ही होती की त्या कॅमेऱ्यात डोळा घालून चित्र स्वच्छ आहे की नाही ते कळत नाही. अंतर मोजायचं आणि तो आकडा लेन्सवर फिरवून लावायचा. लांब लेन्सला यात वीतभर चूकही चालत नाही. श्रीमंतने यावर सुतळी काढली. सुतळीला गाठी मारल्या, एक टोक स्टँडला बांधलं आणि दुसरं आमच्या वाटेकऱ्याच्या, भिमाजीच्या हातात दिलं. भिमाजी सुतळी ताणत जायचा, समोरच्या माणसाच्या नाकाला टोक लावायचा आणि ओरडायचा, “लागली!” मग तो बाजूला पळायचा आणि श्रीमंत चावी पिळायचा.

गावाला न सांगता गावाला कळलं होतं. माणसं धुतलेले कपडे घालून आली. लंकाबाईने नवं लुगडं नेसलं होतं. “माझं तोंड नगं घिऊ, नुसतं काठ घ्या,” असं नवऱ्याला सांगत ती सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. आबासाहेब बैलांच्या शेजारी. मी विहिरीपाशी, कमरेवर कळशी घेऊन. रंगुबाईला कुणी बोलावलं नव्हतं.

“तू नगं ये आजी,” भिमाजी म्हणाला. “तुझ्या नाकाला सुतळी लागंना.”

“का लागंना? माझं नाक काय चोरलंय व्हय?” असं म्हणून ती शाळवाच्या धडीला, अगदी कडेला, येऊन उभी राहिली.

माझ्या नाकाला ती खरखरीत सुतळी लागली, शेणामातीचा वास आला, आणि श्रीमंतचा आवाज ऐकू आला, “हां! मापात हाईसा! आता हलू नका!”

मी श्वास धरला. कॅमेरा लांबून रातकिड्यासारखा किरकिरत होता. माझ्या मनात एवढंच होतं की आपल्यामुळे माप चुकू नये, पोरीला आई धूसर दिसू नये. एकेकजण असाच उभा राहून गेला. ऊन उतरलं, रीळ संपलं, आणि सगळे खूश होऊन हुरडा खायला बसले. काय झालं आहे ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. श्रीमंतच्या तर नाहीच.

मुंबईहून रीळ धुवून यायला बरेच दिवस लागले. तोवर मी चांगुणाला सांगून बसले होते की हलणारं घेऊन येते. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं होतं. रीळ आलं ते घेऊन श्रीमंत आणि मी आधी तय्यबभाईंकडे गेलो. दाखवायचं यंत्र त्यांच्याकडेच होतं. त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि घड्याळांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर उजेड पाडला.

भिंतीवर आबासाहेब आले. मागचा मळा उजेडात विरघळून गेला होता, आणि ते त्यापुढे इतके सुटे, इतके खरे दिसत होते की मी पदर सावरला. पण ते हलेनात. पापणीसुद्धा मिटेना. मग लंकाबाई, दगडासारखी. मग भिमाजीची मुलं, ओळीने खांब. मग मी, कळशी घेऊन, गाल फुगवलेले. आमची शेळीसुद्धा कान टवकारून तशीच.

श्रीमंतने हात वर केला आणि तय्यबभाईंनी रीळ शेवटाला जायच्या आधीच यंत्र बंद केलं. दुकानात नुसती घड्याळं वाजत होती.

“श्रीमंतभाई,” तय्यबभाई अगदी हळू म्हणाले, “तुमी हलनारा कॅमेरा घेतला, अन् त्यातनं खडा फोटो काढला.”

श्रीमंत खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. “तोंडातनं गेलं, वैनी. मापाच्या भायेर जातील म्हनून म्हनलं, हलू नका. सवयच हाय जिभंला. आता मला पुन्याला नगा नेऊ. त्या पोरीनं एकच मागितलं हुतं.”

आखूड लेन्स घेतली असती तर सुतळी लागली नसती, सुतळी नसती तर माणसं हिंडलीफिरली असती, हे मला लख्ख दिसत होतं. पण लांब घ्या असं मीच म्हटलं होतं. दुसरं रीळ घ्यायला आमच्यात त्राण नव्हतं आणि चांगुणा वाट बघत होती. वाट बघणं हेच कितीतरी दिवसांनी आलं होतं. ते मोडायची मला भीती वाटली.

“चल,” मी श्रीमंतला म्हटलं. “यंत्र मला चालवता येत नाही. रडायचं ते तिथे रडू.”

वॉर्डात चांगुणासारख्या आणखी मुली होत्या, सगळ्या उताण्या. सिस्टरांनी संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ दिली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि छताचा पंखा बंद केला. चांगुणाला छतच दिसत होतं, तेव्हा चित्रही छतावरच पडायला हवं होतं. यंत्राचं तोंड वर केलं तर रीळ निसटत होतं. श्रीमंतने थोडा विचार केला आणि पिशवीतून स्टुडिओतला आरसा काढला. गिऱ्हाईकं त्यात बघून भांग पाडतात तो. यंत्राच्या तोंडाशी आरसा तिरका धरला, आणि उजेड वळून वर गेला.

छतावर शाळू आला.

नगरच्या भिंतीवर मी माणसं बघत होते. शाळू मी पाहिलाच नव्हता. आता वर बघितलं, तर आबासाहेबांच्या मागे तो विरघळलेला उजेड हळूहळू डोलत होता, एका बाजूला जात होता, परत येत होता. कणसं वेगळी दिसत नव्हती, नुसतं डोलणं दिसत होतं. आबासाहेबांच्या फेट्याचा शेमला उडत होता. पंख्याच्या थांबलेल्या पात्यांवरून तो वारा वाहत गेला.

लंकाबाई आली, मुलं आली, मी आले. माझ्या कळशीतून एक थेंब ओघळला आणि कमरेवरून खाली गेला. तोही मला तेव्हाच दिसला.

“सगळे असे का उभेत?” चांगुणा म्हणाली. “आई, सगळ्यांना प्लॅस्टर घातलंय का?”

शेजारच्या खाटेवरची मुलगी फिसकन हसली. अंधारात श्रीमंतच्या हातातला आरसा थरथरला आणि सगळं गाव छतावर थरथरलं.

“अन् आपली विहीर तिकडे कशी गेली? आबा डाव्या हाताने कासरा धरतात होय?”

“आरशामुळं उलटं दिसतंय, बाळ,” श्रीमंत म्हणाला. “मीबी लहानपनी असंच बगायचो.”

मग रंगुबाई आली. नगरला रीळ तिच्यापर्यंत गेलंच नव्हतं.

शाळवाच्या धडीला ती उभी होती. मागे सगळं डोलणारं, विरघळलेलं, आणि पुढे तिचा चेहरा. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतका स्वच्छ. जन्मात पहिल्यांदा रंगुबाईचा चेहरा कॅमेऱ्यात आला होता. आणि ती मान हलवत होती. तशीच, नाही-नाही म्हणत, डोळ्यांत थोडा राग, थोडं हसू, ओठ मुडपलेले. सगळ्या गावाने श्वास धरला होता आणि ती एकटी छतावर जिवंत होती.

“रंगूआजी!” चांगुणा ओरडली.

मी तिच्याकडे वळून पाहिलं. उशीवर तिची मान हलत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, हुबेहूब रंगुबाईसारखी, आणि ती हसत होती.

“चांगुणा, हलू नकोस,” सिस्टर सवयीने म्हणाल्या.

“हलू द्या हो बाई,” अंधारातून श्रीमंत म्हणाला. “रीळ हाय अजून.”

ते रीळ त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा लावलं. शेवटी तर वॉर्डातल्या सगळ्या मुली उशीवर माना हलवत होत्या आणि सिस्टर दाराकडे बघत होत्या, डॉक्टर येतात की काय म्हणून. जेवण आलं. चांगुणाने विचारलं, “भाजी कसली आहे?” मी ताट उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

पुढच्या दिवाळीआधी तिला घरी सोडलं, पाठीला चामड्याचा पट्टा बांधून. उभी राहायची ती भिंत धरून. चार पावलं टाकली की घाबरून थांबायची. मी तिच्या मागे हात पसरून चालायचे, आणि ती थांबली की मनातून मला बरंच वाटायचं. पडणार तर नाही.

दिवाळीत तय्यबभाईंनी यंत्र पुन्हा उसनं दिलं. दिवेलागणीला आमच्या अंगणात आबासाहेबांचं धोतर दोन खांबांना बांधलं आणि सगळं गाव स्वतःला बघायला जमलं. जो तो स्वतःला असा खांबासारखा उभा पाहून दुसऱ्याला हसत होता.

“बगा, बगा, आमची मालकीन बगा,” श्रीमंत म्हणाला. “घरात एवढी गप कदी ऱ्हाती का?”

“काढणाराच तसला!” लंकाबाईने अंधारातून उत्तर दिलं.

रंगुबाई पुढे बसली होती. स्वतःचा चेहरा आला तेव्हा तिला आधी ओळख पटली नाही. पटली तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला.

“आगं बया! मी अशी हलते व्हय? ह्येला तर सारखं नगं-नगंच म्हनतीय मी!” आणि मग जरा थांबून, “श्रीमंता, मग इतकी वरसं तुझं यंतर हलत नव्हतं म्हन की.”

श्रीमंतने रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि सगळे हसत असतानाच चांगुणा उठली. तिला आजीजवळ जाऊन बसायचं होतं, एवढंच. भिंत मागे राहिली, धरायला काही नव्हतं, आणि वाट यंत्राच्या उजेडातून जात होती. तिची सावली धोतरावर पडली.

“ए, बाजूला हो!” पोरं ओरडली.

मीही उठले होते. पण धोतराकडे बघितलं आणि थांबले. तिथे गाव उभं होतं, थिजून, श्वास धरून. मागे त्या वर्षीचा शाळू डोलत होता. आणि त्या सगळ्यांच्या मधून एक सावली चालत निघाली होती. आबांच्या समोरून, माझ्या कळशीसमोरून, एकेक पाऊल टाकत. मी श्रीमंतकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं होतं. मग ते मिटलं. हळूच यंत्राच्या बाजूला हात आडवा धरून उभा राहिला, कुणी मध्ये येऊ नये म्हणून.

यंदा आमच्याकडे शाळू नाही. पेरलेलाच उगवला नाही, माणसं खडी फोडायला तलावाच्या कामावर जातात. श्रीमंतही तिथे फोटो काढायला जातो आणि लंकाबाई सांगते की आता तो ‘हलू नका’ म्हणत नाही, त्यामुळे निम्मे फोटो धुरासारखे येतात आणि गिऱ्हाईक भांडतं. तो म्हणतो, येऊ दे. घरात सगळी निजली आहेत. मधूनच चांगुणाच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज येतो आणि मी लेखणी थांबवून ऐकते.

त्या दिवाळीत काय झालं ते एवढंच राहिलं. चांगुणा रंगुबाईपर्यंत पोचली नव्हती तोच रीळ संपलं. गाव गेलं, शाळू गेला. पांढऱ्या धोतरावर तिची एकटीची सावली उरली, आणि ती चालत होती.